पक्षाघातानंतर सात महिने झाले, हातपाय चालतात. मग हा थकवा कसला?

बाणगंगाकाठ, फलटण

सर्वांना नमस्कार. माझे यजमान ५४ वर्षांचे असून एका अनुदानित माध्यमिक शाळेत नववी-दहावीला गणित शिकवतात. सात महिन्यांपूर्वी एका पहाटे त्यांच्या डाव्या हातापायातली शक्ती गेली आणि जीभ जड झाली. मेंदूच्या उजव्या भागाला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद झाली होती. आठ दिवस रुग्णालयात काढल्यावर आणि नंतर तीन महिने फिजिओथेरपी घेतल्यावर ते आधाराशिवाय चालू लागले, डाव्या हाताने भरलेला तांब्या उचलू लागले आणि बोलणेही पूर्वीसारखे स्पष्ट झाले. भेटायला येणारा प्रत्येक जण 'नशीब बलवत्तर म्हणून पूर्ण बरे झालात' असे म्हणून जातो.

या पूर्ण बऱ्या झालेल्या माणसाचा दिवस मात्र सकाळी अकराला संपतो. आंघोळ, नाश्ता आणि वर्तमानपत्राची दोन पाने एवढे झाले की ते पलंगावर पडतात आणि दोन तास झोपून उठले तरी झोप झाल्यासारखे दिसत नाहीत. रात्री ते मोठ्याने घोरतात, त्यामुळे झोप पुरेशी होत असावी असे मी समजत होते. एखाद्या दिवशी मात्र ते अगदी उत्साहात असतात. मागच्या रविवारी त्यांनी माळा आवरला, भावाकडे जाऊन आले, रात्री पुतण्याला त्रिकोणमितीची उदाहरणे सोडवून दिली, आणि पुढचे तीन दिवस त्यांना जेवणासाठीसुद्धा हाक मारून उठवावे लागले. आवडीच्या कामाला शक्ती येते आणि भाजी आणायला सांगितले की ती जाते, असे मला वाटू लागले आणि एकदा मी ते त्यांना बोलूनही दाखवले. त्यांनी काहीच उत्तर दिले नाही. ते न बोलणे मला अजून टोचते आहे.

सध्या रक्त पातळ ठेवण्याची, कोलेस्टेरॉलची आणि रक्तदाबाची अशा गोळ्या चालू आहेत. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन गेली अकरा वर्षे आहे, आणि रुग्णालयात असताना एकदा फिट आल्यामुळे लेव्हेटिरॅसिटाम सुरू केले होते, तेही चालू आहे. दोन महिन्यांनी रजा संपेल. हा थकवा आजाराचा भाग आहे की मनाचा, तो कमी होतो का, आणि साठ मुलांच्या वर्गात उभे राहणे त्यांना जमेल का, हे अनुभवी लोकांनी सांगावे.


सुई-दोरा, लातूर

ताई, तुमच्या यजमानांनी उत्तर का दिले नसेल हे मला समजते, कारण पहिल्या वर्षी माझ्यापाशीही त्या वाक्याला उत्तर नव्हते. मी ब्लाउज शिवते. चार वर्षांपूर्वी, पंचेचाळिसाव्या वर्षी मला पक्षाघात झाला. तो इतका सौम्य होता की पंधरा दिवसांत माझा हात कामाला लागला होता आणि तरीही पुढचे वर्षभर मी दुकान अर्धा दिवससुद्धा उघडे ठेवू शकले नाही.

दिवसभर मशीन चालवल्यावर येणारा थकवा मला वीस वर्षांपासून ओळखीचा होता. तो पायांत आणि पाठीत येतो आणि रात्रीच्या झोपेने जातो. हा नवा थकवा डोक्यातून खाली उतरतो. समोरची व्यक्ती बोलत असते, शब्द कानावर पडत असतात, पण एका वाक्याचा अर्थ लागेपर्यंत पुढचे वाक्य येऊन गेलेले असते, आणि मग डोळे मिटून घ्यावेत यापलीकडे दुसरी इच्छा उरत नाही.

मला उपयोग झाला तो एका वहीचा. प्रत्येक कामापुढे वेळ लिहायची आणि ते काम झाल्यावर थकवा दहापैकी किती वाटतो तो आकडा मांडायचा, असे मी तीन आठवडे केले. माझा समज असा होता की मशीन चालवणे जड आणि कापड बेतणे हलके, कारण बेतताना माणूस जागचा हलत नाही. वहीत नेमके उलटे निघाले. पाऊण तास मशीन चालवल्यावर चार आकडा येई आणि एक अस्तराचा ब्लाउज बेतल्यावर सात येई. त्याहून वाईट म्हणजे मापे घेणे, कारण माप घ्यायचे, ते लक्षात ठेवायचे, लिहायचे आणि त्याच वेळी ग्राहकबाई गळ्याच्या नमुन्याबद्दल जे सांगत असतात तेही ऐकायचे. एकाच वेळी दोनतीन गोष्टींकडे लक्ष देणे हेच मला सर्वांत महाग पडत होते आणि ते बाहेरून पाहणाऱ्याला कधीच दिसत नव्हते.

तेव्हापासून बेतण्याचे काम मी सकाळी नऊ ते दहा करते आणि त्या वेळी दुकानाचे दार लोटलेले असते. मग वीस मिनिटे आडवी होते. थकले नसले तरी होते, आणि ही गोष्ट मला स्वतःला पटायलाच सर्वांत जास्त दिवस लागले. साडीला फॉल लावण्यासारखे हात आपोआप करतात ते काम दुपारनंतर ठेवते. आम्हा लातूरकरांना हा हिशेब फार समजावून सांगावा लागत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात कोणत्या हंड्यातले पाणी कशाला वापरायचे हे ठरवूनच घर चालत होते आणि हंड्याचा तळ दिसल्यावर काटकसर सुरू करून चालत नव्हते. तुमच्या यजमानांनी रविवारी सगळे हंडे एकाच दिवशी रिकामे केले. त्यांनी भाजी आणायला नकार दिला तो कदाचित हंडा रिकामा असल्याच्या दिवशी दिला असेल.


मावळतीची फेरी, पुणे

सहानुभूती बाळगूनही थोडे वेगळे मत मांडतो. माझ्या वडिलांना अडुसष्टाव्या वर्षी पक्षाघात झाला. आम्ही त्यांना पडू दिले नाही. रोज सकाळ-संध्याकाळ बाहेर काढले, आणि आठ महिन्यांनी ते पर्वतीच्या पायऱ्या चढून गेले. माणूस जितका जास्त पडून राहतो तितका तो अधिक पडून राहू लागतो, असे मी पाहिले आहे. घरच्यांनी अतिकाळजी केली तर रुग्ण स्वतःला कायमचा रुग्ण मानू लागतो. तेव्हा वीस मिनिटे आडवे होण्याचा सल्ला देण्याआधी चालण्याचा सल्ला द्यावा, एवढेच म्हणणे आहे.


हाताला काम, मुंबई

मी व्यवसायोपचार तज्ज्ञ आहे, म्हणजे आजारानंतर आंघोळीपासून नोकरीपर्यंतची रोजची कामे पुन्हा कशी करता येतील हे रुग्णाबरोबर बसून शोधणे हा माझा पेशा आहे. फलटणमध्ये ज्यांच्या नावाची शाळा आहे त्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात या शाखेचे शिक्षण सुरू केले, तरी अजूनही बहुतेक रुग्णांना फिजिओथेरपी संपली की उपचार संपले असे वाटते. त्यामुळे थकव्याचा प्रश्न कोणाच्याच वाट्याला येत नाही.

पक्षाघातानंतर जवळजवळ निम्म्या रुग्णांना असा थकवा जाणवतो आणि त्याचे प्रमाण झटका किती मोठा होता यावर फारसे अवलंबून नसते. काही तासांत लक्षणे नाहीशी झालेल्या, म्हणजे तात्पुरता झटका येऊन गेलेल्या लोकांमध्येही तो आढळतो. म्हणून 'हातपाय चालतात, मग थकवा कसला' हा शीर्षकातला प्रश्न स्वाभाविक असला तरी हातापायांवरून या थकव्याचा अंदाज बांधता येत नाही. त्याचे एकच एक कारण सांगता येत नाही. मेंदूला इजा झाल्यावर शरीरात उठणारा दाह, आदेश स्नायूंपर्यंत पोहोचवण्यासाठी मेंदूला करावा लागणारा जादा प्रयत्न, बिघडलेली झोप, औषधे आणि मनाची स्थिती अशी कारणे एकमेकांत मिसळलेली असतात. शिवाय एक बाजू कमकुवत असताना चालण्याला नेहमीच्या दीडपट ते दुप्पट ऊर्जा लागू शकते. जिथे पूर्वी विचारही करावा लागत नव्हता तिथे आता प्रत्येक पाऊल लक्ष देऊन टाकावे लागते. लातूरच्या ताईंनी वहीतून जे शोधले, तेच आम्ही रुग्णांकडून मुद्दाम शोधून घेतो.

हा थकवा मनाचा आहे का, असे विचारले आहे. नैराश्यात बहुधा करावेसेच वाटत नाही, आणि या थकव्यात करावेसे वाटते पण शक्ती पुरत नाही. रविवारी माळा आवरायला चढणाऱ्या माणसाची इच्छा शाबूत आहे असे मला त्यावरून दिसते. अर्थात दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात, म्हणून मनःस्थितीची तपासणी टाळू नये.

पुण्याच्या सदस्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. हालचाल थांबली की स्नायू आणि हृदय दोन्हींची क्षमता घटते, मग तेच काम अधिक थकवते, आणि थकवा आला म्हणून माणूस आणखी पडून राहतो. नेदरलँड्समध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा आठवडे थकव्याबद्दलचे समुपदेशन आणि त्याच्या जोडीला क्रमाक्रमाने वाढवत नेलेला व्यायाम असे दोन्ही घेतलेल्या रुग्णांना केवळ समुपदेशन घेतलेल्यांपेक्षा जास्त फायदा झाला. परंतु त्या वाक्यातला 'क्रमाक्रमाने' हा शब्द सुटला की सगळे बिघडते. वडिलांना आपण पहिल्याच आठवड्यात पर्वतीवर नेले नसणार. जोमाच्या दिवशी सगळे उरकून घ्यायचे आणि पुढचे तीन दिवस भरपाई करायची, या चक्रात सापडलेल्या माणसाला 'अजून थोडे करा' असे सांगितले तर चक्राचा वेग वाढतो.

म्हणून आधी यजमानांचा साधारण वाईट दिवस पाहावा आणि त्या दिवशीही जेवढे जमते तेवढेच रोजचे माप धरावे. त्या दिवशी दहा मिनिटे चालता येत असेल तर चांगल्या दिवशीसुद्धा दहाच मिनिटे चालावे. चांगल्या दिवशी थांबणे हे वाईट दिवशी उठण्यापेक्षा कठीण असते आणि घरच्यांनी मदत करायची ती नेमकी इथे. दोन आठवडे हे माप न कोसळता पाळले गेले की दोनतीन मिनिटांनी वाढवावे. विश्रांती थकण्यापूर्वी आणि घड्याळ पाहून घ्यावी. मोबाइल पाहत पडणे किंवा दूरदर्शनच्या बातम्या लावून डोळे मिटणे याला विश्रांती म्हणता येणार नाही, कारण मेंदू त्या आवाजाला गाळणी लावण्याचे काम करतच राहतो. वामकुक्षी अवश्य घ्यावी, पण अर्ध्या तासाचा गजर लावून आणि दुपारी तीनच्या आत, नाहीतर रात्रीची झोप मोडते. आंघोळीला प्लॅस्टिकचे स्टूल, दाढी बसून, कपडे आदल्या रात्री काढून ठेवलेले, अशा क्षुल्लक वाटणाऱ्या बदलांनी अकराची वेळ बारावर सरकते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

शाळेविषयी एवढेच सांगेन की गणित शिकवणे हे बहुधा त्यांचे सर्वांत कमी थकवणारे काम ठरेल, कारण ते तीस वर्षांच्या सवयीचे आहे. थकवतील ते साठ मुलांचा गलबला, शिक्षक-खोलीतल्या गप्पा, ऐनवेळी आलेला बदली तास आणि शाळेपर्यंतचा प्रवास. सलग दोन तासिका नकोत, परिपाठाला उभे राहण्यातून सूट हवी आणि पहिले काही आठवडे रोज दोनच तासिका हव्यात, एवढे मुख्याध्यापकांकडून आधी लेखी ठरवून घ्यावे.


जुना दवाखाना, सांगली

मी चौतीस वर्षे जनरल प्रॅक्टिस केली आहे. वरच्या ताईंनी व्यवस्थापनाचे सगळे सांगितले, पण त्याआधी एक पायरी आहे. प्रत्येक थकवा पक्षाघाताच्या खात्यावर टाकण्यापूर्वी दुरुस्त होण्यासारखे काही सुटत तर नाही ना, हे पाहिले पाहिजे.

आपल्या पत्रात मला तीन गोष्टी खटकल्या. अकरा वर्षांच्या मेटफॉर्मिनमुळे ब-१२ जीवनसत्त्व कमी झालेले असू शकते आणि शाकाहारी माणसात ती शक्यता अधिक असते. लेव्हेटिरॅसिटामने सुस्ती व चिडचिड होऊ शकते. आणि मोठ्याने घोरणे, झोपूनही ताजेतवाने न वाटणे व दिवसा झोप येणे, ही तीन लक्षणे एकत्र आली की झोपेत श्वास अडण्याचा विकार आहे का हे तपासावे लागते. पक्षाघात झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांत तो कमीअधिक प्रमाणात सापडतो. घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण नाही, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो आणि कोणाला पटले नाही. रात्री श्वास मध्येच थांबून मग घुसमटल्यासारखा आवाज येतो का, हे आपण स्वतः दोनतीन रात्री जागून पाहावे आणि डॉक्टरांना सांगावे.

याखेरीज हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तातील साखर व सोडियम, मूत्रपिंडाचे कार्य, आणि बसून व उभे राहून मोजलेला रक्तदाब एवढ्या तपासण्या आपल्या गावातही होतात. थकवा मोजण्यासाठी नऊ विधानांची एक प्रश्नावली १९८९ पासून वापरात आहे. प्रत्येक विधानाला एक ते सात गुण द्यायचे आणि सरासरी चार किंवा त्याहून अधिक आली तर थकवा लक्षणीय मानायचा. मेंदूविकारतज्ज्ञांकडे ती भरून घेण्याचा आग्रह धरावा, कारण 'खूप थकवा येतो' हे वाक्य बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत हवेत विरून जाते आणि आकडा केसपेपरवर राहतो.

कोणतीही गोळी स्वतः बंद करू नये, विशेषतः फिटची आणि रक्त पातळ ठेवण्याची. थकव्यावर गोळी आहे का, असे पुढे कोणी विचारीलच, म्हणून आधीच लिहितो. मोडाफिनिल या औषधाने ऑस्ट्रेलियातील ३६ रुग्णांच्या एका लहान चाचणीत फायदा दिसला, पण एवढ्या पुराव्यावर ते सरसकट देण्याची पद्धत नाही आणि त्याने रक्तदाब वाढू शकतो. शक्तीची इंजेक्शने आणि सलाइन यांवर पैसे घालवू नयेत.

नेहमीचा थकवा हळूहळू येतो. तोंड एकाएकी वाकडे झाले, हात गळाला, बोलणे अडखळले किंवा तोल गेला तर थकवा समजून झोपू देऊ नये. १०८ ला फोन करून, सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात ताबडतोब न्यावे, कारण गुठळी विरघळवण्याचे औषध सहसा लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते.


लेखनिक, सोलापूर

नोकरीबद्दल थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० प्रमाणे शासकीय आस्थापनेतील कर्मचाऱ्याला सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून त्याला काढता येत नाही किंवा त्याचा हुद्दा कमी करता येत नाही. तो त्या पदासाठी योग्य राहिला नाही तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. कायद्यातील व्याख्येत शासनाचे अनुदान घेणाऱ्या संस्थाही येतात. मात्र कायद्यातील दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांच्या यादीत थकव्याचे स्वतंत्र नाव नाही, त्यामुळे डाव्या बाजूची जी कमजोरी शिल्लक आहे तिचे मूल्यमापन सरकारी रुग्णालयातून करून घ्यावे आणि डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात थकव्याचा उल्लेख शब्दांत मागून घ्यावा.


बाणगंगाकाठ, फलटण (साडेतीन महिन्यांनंतर)

सर्वांचे मनापासून आभार. काय झाले ते कळवण्याचे कर्तव्य राहून गेले होते.

ब-१२ खरोखरच फार कमी निघाले आणि त्याची इंजेक्शने सुरू झाली. झोपेची तपासणी पुण्यात करून घेतली, तिच्यात श्वास अडण्याचा विकार मध्यम प्रमाणात आहे असे निष्पन्न झाले आणि रात्री नाकाला लावण्याचे यंत्र मिळाले. ते यंत्र यजमान पहाटे तीनपर्यंत लावतात आणि नंतर झोपेतच काढून टाकतात, त्यामुळे निम्म्या रात्रीचाच फायदा आहे. फिटच्या गोळीची मात्रा मेंदूविकारतज्ज्ञांनी तपासणी करून कमी केली. प्रश्नावलीची सरासरी पहिल्यांदा ५.९ होती, मागच्या आठवड्यात ४.४ आली. म्हणजे थकवा गेलेला नाही.

वही त्यांनी स्वतः ठेवली, आणि गणिताचे शिक्षक असल्यामुळे तिच्यात आलेखही काढले. सर्वांत वरचा आकडा कोणत्या कामाला होता, तर आमच्या घरी भेटायला येणाऱ्यांशी बोलण्याला. तो आलेख त्यांनी न बोलता माझ्यापुढे ठेवला. मी बोललेल्या वाक्याबद्दल त्या दिवशी त्यांची क्षमा मागितली.

शाळेत सहा आठवड्यांपासून जात आहेत. मधल्या सुट्टीपूर्वी दोन तासिका घेत होते, आता तीन घेतात, आणि सुट्टीत प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत सतरंजी टाकून पडतात. पहिल्या आठवड्यात मुलांना त्याचे हसू येत होते, आता वर्गाचा प्रतिनिधी सुट्टीत व्हरांड्यातला दंगा स्वतःच आवरतो. दहावीच्या उत्तरपत्रिका तपासण्याचे काम या वर्षी घेणार नाही, असे त्यांनी वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून कळवले आहे.

लग्नसराईचे मात्र अजून जमलेले नाही. बँड, ध्वनिक्षेपक आणि एका वेळी चौघांचे बोलणे यांत अर्धा तास गेला की त्यांचा चेहरा पांढरा पडतो. म्हणून आम्ही अक्षता टाकायच्या आणि पंगत बसण्याआधी निघायचे असे ठरवले आहे. गेल्या शनिवारी तसे निघालो तर चुलत सासूबाई रागावल्या आणि अजून बोलत नाहीत. जेवण त्यांनी दिराबरोबर डब्यातून पाठवले होते. ते आम्ही रात्री आठ वाजता, यजमान झोपून उठल्यावर, घरी खाल्ले.